विधानसभेचं टेबल

लातूर जिल्हा झाला तेव्हा जिल्ह्याच्या आधी त्याचे कागद आले. ब्याऐंशी सालचा ऑगस्ट होता. उस्मानाबादहून ट्रक यायचे, लाल कापडात बांधलेले गठ्ठे उतरायचे, आणि ठेवायला जागा नाही म्हणून जिन्यावर, व्हरांड्यात, शिपायाच्या स्टुलाखाली, मिळेल तिथं रचले जायचे. कचेरीत कारकुनांना खुर्च्या पुरत नव्हत्या आणि साहेबांना फोन. त्याच महिन्यात पंचशीला लिंबाजी सोनकांबळे कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाली आणि पहिले आठ महिने तिनं फक्त नकला केल्या. जुन्या जिल्ह्याच्या वह्या त्यांना परत पाठवायच्या होत्या, म्हणून आपल्या तालुक्यांचा भाग नव्या वह्यांत उतरवून घ्यायचा. त्या जुन्या वह्या पुढे कुणीच परत पाठवल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी.

पंचशीलेचा जन्म सत्तावन्नचा, धर्मांतराच्या पुढच्या वर्षातला. लिंबाजी उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचा. पोरीचं नाव ठेवताना त्यानं कुणाचं ऐकलं नाही, आणि तिला शाळेत घालतानाही नाही. तिची आई लवकर गेली. नोकरी लागल्यावर पंचशीलेनं बापाला लातूरला आणलं आणि दोघं गंजगोलाईच्या मागं एका खोलीत राहू लागली. लग्नाचं काय, असं कुणी विचारलं की ती गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "सदर बाब विचाराधीन आहे."

ही भाषा तिला टेबलानं दिली होती. पंच्याऐंशीत तिच्याकडे विधानसभेचं टेबल आलं. आलं म्हणजे काय, कुणालाच नको होतं म्हणून तिच्या गळ्यात पडलं. मुंबईत नाहीतर नागपुरात एखादा आमदार जिल्ह्याबद्दल प्रश्न विचारतो, मंत्री उत्तर देतात. पण अहमदपूर तालुक्यातल्या एखाद्या विहिरीत किती पाणी आहे हे मंत्र्यांना कुठून ठाऊक असणार? तो प्रश्न बिनतारी संदेशानं जिल्ह्याला येतो, जिल्ह्यातून तहसिलीत, तहसिलीतून तलाठ्याकडे उतरतो, आणि उत्तर त्याच पायऱ्या चढत वर जातं. ते वेळेत, बिनचूक आणि साहेबांची मान अडकणार नाही अशा शब्दांत पोचवायचं, हे त्या टेबलाचं काम. अधिवेशन सुरू झालं की रजा नाही, रविवार नाही, जेवणाच्या डब्याला हात लावायची सवड नाही.

बाकीचे कारकून प्रश्नाला उत्तर लिहायचे. पंचशीला आमदाराच्या डोक्यात शिरायची. हा माणूस हे विचारतोय, मग उठून पुढचं काय विचारेल? आणि त्याच्या पुढचं? मंत्र्यांसाठी जी टिप्पणी जोडावी लागते तिच्यात ती असे सात-आठ उपप्रश्न स्वतःच मांडून त्यांची उत्तरं देऊन ठेवायची. एकदा साखर कारखान्याच्या रस्त्यावरून सभागृहात सहा उपप्रश्न आले आणि सहाही तिच्या टिप्पणीत त्याच क्रमानं होते. मंत्रालयातून फोन आला, लातूरची टिप्पणी कोण लिहितं म्हणून. निवासी उपजिल्हाधिकारी विरूपाक्ष स्वामींनी सांगितलं, आमच्याकडे एक बाई आहेत. पलीकडच्यानं नाव विचारलं नाही. कागदावर सही नेहमीप्रमाणे साहेबांचीच होती.

शहाऐंशीचं वर्ष आलं ते पाऊस न घेताच. आधीची दोन वर्षं जेमतेम गेली होती, या वर्षी तर पोळ्याला बैल धुवायला ओढ्यात पाणी नव्हतं. दिवाळीच्या आतच टँकरची मागणी करणारे अर्ज यायला लागले. नोव्हेंबरात नागपूरच्या अधिवेशनाचे प्रश्न आले, बावीस, आणि त्यातले सतरा पाण्याचे. त्यातला एक होता चिंचदऱ्याचा.

चिंचदरा म्हणजे अहमदपूर तालुक्याच्या टोकाचं गाव, तिथून पुढं लोह्याकडची, म्हणजे नांदेड जिल्ह्याची हद्द. प्रश्न नेहमीच्या साच्यातला होता. चिंचदरा येथील विहीर आटल्याने महिलांना तीन किलोमीटरवरून पाणी आणावे लागते, हे खरे आहे काय? असल्यास, टँकर कधी सुरू करणार? नसल्यास, विलंबाची कारणे काय?

पंचशीलेनं तहसिलीचा अहवाल पाहिला. गावास बारमाही विहीर, बहात्तरच्या दुष्काळातही आटली नव्हती, टंचाई नाही. तिनं स्वतःच्या कचेरीतली पाण्याची वही उघडली. तिथंही तेच. दोन ठिकाणी तेच आहे म्हटल्यावर तिनं लेखणी उचलली आणि लिहिलं: (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न उद्भवत नाही. सरकारी मराठीत इतकं निवांत वाक्य दुसरं नाही. ज्यानं हे पहिल्यांदा लिहिलं असेल त्याला मी कधी भेटलो तर चहा पाजीन आणि मग चार शब्दही सुनावीन. पाणी मागणाऱ्या माणसाला 'नाही' म्हटलं तर तो निदान भांडतो. तुझा प्रश्नच जन्माला आलेला नाही असं म्हटल्यावर त्यानं भांडायचं तरी कुणाशी?

दहा दिवसांनी, एका शनिवारी, कचेरीत एक साठीची बाई आली. अंगानं काटक, पदर खोचलेला, अहमदपूरहून सकाळच्या एसटीनं आलेली. तिचं नाव सरजाबाई, गाव चिंचदरा. तीन टेबलांवरून तिला पुढं ढकलत ढकलत पंचशीलेपाशी आणून सोडलं होतं. पंचशीलेनं तिला बसवलं, पाणी दिलं. ती दोन गिलास प्यायली, तिसरा हातात धरून बसली.

"टँकर मागाय गेलो तर तहसिलीतले सायब म्हनले, तुमच्या गावाला पानी हाय. म्हनलं, कुनी सांगितलं? तर म्हनले, विधानसभेतच तसं उत्तर चाललंय. आता टँकर दिला तर सरकार खोटं पडतंय." सरजाबाईनं गिलास खाली ठेवला. "मला एवढंच इचारायचंय बाई, ते उत्तर कुनी लिवलं?"

पंचशीला म्हणाली, "मावशी, वहीत तुमच्या गावाला बारमाही विहीर हाय. बहात्तरलाबी आटली नव्हती."

"हाव, हाय की तसली हीर. पर ती आमची न्हाई, जांभळगावची. तिथूनच तर आनून राहिलो आम्ही पानी. दोन कोस जाऊन-येऊन. त्यांचं भरून झालं की मग आमाला हात लावू देतेत."

कुणी लिहिलं, या प्रश्नाचं उत्तर पंचशीलेनं त्या दिवशी दिलं नाही. चौकशी करते, म्हणाली. हा तिचा भित्रेपणा होता, आणि मी तिचं कितीही कौतुक करत असलो तरी तो झाकणार नाही. तिनंही पुढं कधी झाकला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती पहिल्या गाडीनं अहमदपूरला गेली, तिथून मिळेल त्या टेम्पोनं फाट्यापर्यंत, आणि पुढं पायी. चिंचदऱ्यात विहीर नव्हतीच. ओढ्याच्या काठाला दगडांनी बांधलेला एक आड होता. तिनं कुणाचा तरी कासरा मागितला, त्याला दगड बांधून आत सोडला. पाच परसांवर, म्हणजे पाच पुरुष खोलीवर, दगड टेकला आणि वर आला तो कोरडा. तळाला चिखलसुद्धा नव्हता. आडाभोवती जमलेल्या बाया तिच्याकडे बघत होत्या. सातवा महिना लागलेली एक पोर होती, डोक्यावर चुंबळ तशीच ठेवून उभी, कारण दुसरी खेप बाकी होती. सरजाबाईची सून.

तिथून पंचशीला लातूरला परतली आणि सोमवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधी रेकॉर्डरूमच्या दारात उभी राहिली. तिला उस्मानाबादची मूळ वही पाहिजे होती. तासभर धूळ खाल्ल्यावर ती सापडली. पान उघडलं. उजव्या पानाच्या अगदी तळाशी चिंचदरा. पुढं लिहिलेलं: एक आड, हंगामी, दिवाळीनंतर कोरडा. पान उलटल्यावर पहिल्याच ओळीत जांभळगाव: बारमाही विहीर, सन १९७२ मध्ये पाणी होते.

मग तिनं नवी वही शेजारी ठेवली. चिंचदऱ्यापुढं जांभळगावची विहीर, आणि जांभळगावपुढंही जांभळगावचीच विहीर. एकच विहीर दोन गावांच्या नावावर. कसं झालं हे तिला लगेच उमगलं, कारण नकला करायची ती पद्धत तिनंच काढली होती. वेळ वाचावा म्हणून आधी पानभर गावांची नावं उतरवायची आणि मग रकाने भरत खाली यायचं. तळाच्या ओळीचा रकाना भरायच्या आधी तिनं मूळ वहीचं पान उलटलं होतं. दोन्ही गावांची अक्षरं तिचीच होती, टपोरी, रेघेवर बसलेली, ज्यांचं साहेबांनी तेव्हा कौतुक केलं होतं.

आता सगळं चक्र तिच्या ध्यानात आलं. तलाठ्यानं तहसिलीची वही पाहिली, तहसिलीची वही जिल्ह्याच्या वहीवरून केलेली, आणि जिल्ह्याची वही तिच्या हातची. उत्तर लिहिताना तिनं दोन पुरावे जुळवले म्हणून समाधान मानलं, पण तो पुरावा एकच होता, तिचाच. चार वर्षं कुणाला पत्ता लागला नाही, कारण टँकर मागायची वेळ येईपर्यंत विहिरींची वही उघडतो कोण? ती तिथं गठ्ठ्यावर बसली आणि रडली. पाच मिनिटं असेल. मग तोंड धुऊन विरूपाक्ष स्वामींच्या केबिनमध्ये गेली.

विरूपाक्ष स्वामी उदगीरचे. वाईट माणूस नव्हते, पण फार वर्षं नोकरी केली की माणूस प्रत्येक जिना उतरताना कठडा धरतो, तसे होते. त्यांनी दोन्ही वह्या पाहिल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई, उत्तर गेलंय. गुरुवारी सभागृहात येणार. आता टँकर सोडला तर आपणच आपल्या उत्तराला खोटं पाडतो. हक्कभंग होईल, साहेबांपर्यंत जाईल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तीन आठवडे थांबा. अधिवेशन संपू द्या. जानेवारीत मी स्वतः गुपचूप टँकर सुरू करतो. तुमचं नाव कुठं येणार नाही."

"सर, तीन आठवडे ती माणसं काय पिणार?"

"आजवर काय पीत होती?"

हे बोलल्यावर त्यांनाच ते आवडलं नाही. त्यांनी दुसरी वाट सुचवली. उत्तर बदलायचंच तर कारण म्हणून तलाठ्याची चूक दाखवावी. शेषेराव तलाठी मार्चमध्ये निवृत्त होतोय, त्याला काय फरक पडतो?

"त्यानं माझी वही पाहिली, सर. माझी चूक त्याच्या अंगावर कशी घालू?"

"मग तुमच्या अंगावर येईल. चौकशी लागेल. नोकरीवरही येऊ शकतं. तुमच्या घरात ही पहिली सरकारी नोकरी, विचार करा."

पंचशीलेनं विचार केला नव्हता असं नाही. रविवारी परतीच्या एसटीत तिनं दुसरं केलंच काय होतं! बाप म्हातारा, भाड्याची खोली, आणि नोकरी गेली तर उदगीरच्या मोंढ्यात परत. पण चिंचदऱ्याहून निघताना एक गोष्ट झाली होती. तेव्हा मूळ वही तिनं पाहिलेली नव्हती, पण उत्तर आपणच लिहिलं हे तर ठाऊक होतंच. फाट्यापर्यंत सोडायला आलेल्या सरजाबाईला तिनं ते सांगून टाकलं. मावशी, ते उत्तर मीच लिहिलं. सरजाबाईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "तू लिवलं ना माय? मग तूच खोड."

त्यामुळं पंचशीलेनं स्वामींना दुसरं काही न सांगता कामाचं तेवढं सांगितलं. "सर, उत्तर आपण होऊन बदललं तर ती दुरुस्ती ठरते. आमदारांनी उघडं पाडलं तर हक्कभंग. प्रश्न विचारणारा माणूस गावात जाऊन आलेला असणार, नाहीतर तीन किलोमीटरचा आकडा त्याला कुठून मिळाला? गुरुवारी तो आडाचा फोटो काढेल खिशातून."

स्वामींनी तिच्याकडे बघितलं. साखर कारखान्याच्या रस्त्याचे सहा उपप्रश्न त्यांना आठवले असावेत. त्यांनी घंटी वाजवली, मोठ्या साहेबांकडे गेले, अर्ध्या तासानं परत आले. सुधारित उत्तर लिहा, म्हणाले, आणि खुलासाही. टपालानं वेळेत पोचणार नाही, तुम्हीच घेऊन जा.

बुधवारी पहाटेची लातूर–नागपूर एसटी. अहमदपूर, लोहा, नांदेड, मग उमरखेडकडून यवतमाळ. मांडीवर लखोटा आणि लखोट्यावर दोन्ही हात. लिंबाजीनं निघताना सांगितलं होतं, नागपूरला चाललीस तर दीक्षाभूमीवर माथा टेकून ये. तिनं हो म्हटलं होतं, पण दिवस मावळतीला नागपूरला उतरली ती थेट मंत्र्यांच्या कार्यालयाच्या तात्पुरत्या तंबूकडे. तिथल्या उपसचिवांनी लखोटा फोडला, वाचला आणि कपाळाला हात लावला. "यादी छापून झाली. छापील उत्तर 'हे खरे नाही' असंच आहे. आता मंत्रिमहोदयांनीच काय ते ठरवावं."

गुरुवारी सकाळी मंत्र्यांपुढं फायली ठेवल्या गेल्या. उपसचिव नियम सांगायला लागले. मंत्री पुष्कळ निवडणुका लढलेला माणूस. त्यांनी हात वर केला आणि दाराशी उभ्या असलेल्या पंचशीलेला विचारलं, "बाई, पाणी आहे का नाही?"

"नाही साहेब."

"मग तसंच सांगू. खोट्यावर उभं राहायला माझे पाय आता पूर्वीसारखे नाहीत." आणि उपसचिवांना म्हणाले, "या बाईंना गॅलरीत बसवा. उपप्रश्न आले तर तुम्ही सांगणार आहात का?"

अधिकाऱ्यांच्या गॅलरीत कनिष्ठ लिपिकाला सहसा कुणी बसवत नाही. पंचशीला मागच्या बाकावर टोकाला बसली, गुडघ्यावर चिठ्ठ्यांचं पॅड. वर्ष-दीड वर्ष ती या सभागृहासाठी लिहीत होती आणि सभागृह तिनं आज पहिल्यांदा पाहिलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते लहान होतं आणि गोंगाट बराच जास्त.

चिंचदऱ्याचा प्रश्न पुकारला. प्रश्न विचारणारे आमदार हातात एक पाकीट घेऊनच उठले, आणि पंचशीलेला ते पाकीट कशाचं आहे हे बघायची गरज नव्हती. ते तोंड उघडणार तोच मंत्री उभे राहिले. "अध्यक्ष महोदय, छापील उत्तर चुकीचं आहे. मी ते मागं घेतो. चिंचदरा गावात पाणी नाही, हे खरे आहे. जिल्हा कार्यालयाच्या नोंदवहीत चूक झाली होती. आज दुपारपासून गावाला टँकर सुरू होत आहे."

आमदारांनी पाकीट तसंच हातात धरलं. तयारी करून आलेल्या माणसाला समोरच्यानं आधीच कबुली दिली की त्याची जी गत होते तीच त्यांची झाली. सावरून त्यांनी विचारलं, आड किती खोल आहे आणि त्यात किती पाणी आहे हे तरी शासनाला माहीत आहे का? पंचशीलेची चिठ्ठी शिपायाच्या हातून खाली गेली. मंत्र्यांनी ती उघडली आणि जशी होती तशी वाचली, "पाच परस, तळ कोरडा, मी रविवारी स्वतः दगड सोडून पाहिला."

"मंत्रिमहोदय रविवारी चिंचदऱ्याला होते?" सभागृह हसलं. मंत्रीही हसले. "मी नाही, आमच्या कर्मचाऱ्यानं पाहिला. मी पाहिला असता तर एवढं नेमकं सांगता आलं नसतं."

मग शेवटचा उपप्रश्न आला. "या चुकीला जबाबदार कोण?"

हा प्रश्न येणार हे पंचशीलेला ठाऊक होतं. तिच्या टिप्पणीत तो आठवा होता, आणि पुढं उत्तरादाखल तिनं स्वतःचं पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिला होता. तिनं मान खाली घातली. मंत्र्यांनी पान उलटलं, वाचलं, एकदा वर गॅलरीकडे बघितलं. "नाव माझ्यापुढं आहे. ते आत्ता सांगत नाही. चौकशी करून, केलेल्या कारवाईचा अहवाल नव्वद दिवसांत सभागृहापुढं ठेवू." पुढचा प्रश्न पुकारला गेला.

त्या दुपारी अहमदपूरहून टँकर निघाला आणि चार वाजता चिंचदऱ्यात पोचला. हे तिला नागपूरहून ट्रंक कॉल लावल्यावर कळलं. तिनं तहसिलीतल्या कारकुनाला तीनदा विचारलं, पोचला का, रिकामा केला का, कुणी पाहिला. तो वैतागून म्हणाला, बाई, मी स्वतः ड्रायव्हरशी बोललो, आता शपथ घेऊ का? तेव्हा कुठं तिनं फोन ठेवला आणि दीक्षाभूमीकडे चालत गेली.

चौकशी रीतसर झाली. विरूपाक्ष स्वामींनीच केली. ठरलं ते असं: नोकरी राहील, सेवापुस्तकात ठपक्याची नोंद होईल. कुणी म्हणालं थोडक्यात सुटली, कुणी म्हणालं एवढ्याशा चुकीला कशाला.

पण मंत्र्यांनी सभागृहाला शब्द दिला होता. कारवाईचा अहवाल नव्वद दिवसांत पाठवा म्हणून मंत्रालयाचं पत्र आलं. असं पत्र कचेरीत कुणाकडे जातं? विधानसभेच्या टेबलाकडे. फेब्रुवारीतल्या एका दुपारी शिपायानं ते पंचशीलेपुढं आणून ठेवलं आणि तोंड लपवून निघून गेला. सगळी कचेरी तिरक्या नजरेनं बघत होती. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ या, असं स्वामी म्हणालेसुद्धा. ती म्हणाली, नको सर, बाकीच्यांना या टेबलाची भाषा नीट येत नाही.

तिनं मसुदा लिहिला. चिंचदऱ्याच्या सद्यःस्थितीचा रकाना होता, तो तिनं वहीवरून भरला नाही. एक रविवार पुन्हा गेली, टँकरच्या खेपा मोजल्या, टँकरनंतर गावात घेतलेल्या नव्या बोअरचं पाणी हातावर घेऊन चाखलं, सरजाबाईच्या सुनेच्या बाळाला मांडीवर घेतलं, आणि मगच लिहिलं. संबंधित कर्मचाऱ्याचं नाव, चूक, तारीख आणि ठपका, सगळं नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात. स्वामींनी वाचलं. त्यांनी लाल पेन काढून एक ओळ वाढवली: सदर कर्मचाऱ्याने चूक स्वतःहून उघडकीस आणली, हे खरे आहे.

"सर, हे विचारलेलं नाही."

"उद्या विचारतील. उपप्रश्न आधी ओळखायला तुम्हीच शिकवलंय ना आम्हाला?" आणि त्यांनी सही केली.

संध्याकाळी तिनं कार्बनची प्रत घरी नेली. लिंबाजी दाराशी बसला होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण पोरीच्या हातातला कागद कसला आहे हे ओळखण्याइतका तो आता सरकारी माणसाचा बाप झाला होता.

"काय हाय त्यात?"

"ठपका, बाबा. मला दिलेला."

"लिवला कुनी?"

"मीच."

लिंबाजीनं तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "पानी आलं का पर त्या गावात?"

"आलं."

"मग वाच की."

तिनं वाचलं. पंचशीला लिंबाजी सोनकांबळे, कनिष्ठ लिपिक, यांच्या हातून सन १९८२ मध्ये नोंद उतरवताना चूक झाली, हे खरे आहे. सदर कर्मचाऱ्याने चूक स्वतःहून उघडकीस आणली, हे खरे आहे. त्यांच्यामुळे गावास त्रास झाला, हे खरे आहे. त्यांना ठपका देण्यात आला असून, गावाचा पाणीपुरवठा सुरू आहे.

"हे विधानसभेत जानार?"

"हाव. छापून."

मोंढ्यात चाळीस वर्षं त्याला सगळे नुसतं 'ए हमाल' म्हणत आले होते. मग त्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि भिंतीला पाठ टेकून नीट बसला.

"परत वाच," तो म्हणाला. "नावापासून."

तिनं नावापासून पुन्हा वाचलं.